ओली की सुकी?

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. लेकीची सकाळी आठला कुठलीशी परीक्षा होती आणि हॉल तिकिटाची प्रिंट काढायची राहिली होती. हे तिला पावणेअकरालाच आठवलं, कारण कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान दहाला बंद होतं आणि मुलांच्या डोक्यातला प्रिंटचा कप्पा त्यानंतरच उघडतो. पान एकच होतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, रंगाचा ठिपका नाही. तिचा फोटोसुद्धा करडा.

मी प्रिंट सोडली. प्रिंटरने घसा खाकरला, आतल्या आत काहीतरी डावीकडून उजवीकडे सरकवलं, दोनदा कण्हला आणि पडद्यावर निरोप आला: पिवळी शाई संपली आहे.

"अरे बाबा, पिवळं छापायचंच नाहीये," मी त्याला समजावलं. रद्द करून पुन्हा सोडली. पिवळी शाई संपली आहे. 'फक्त काळं' असा एक पर्याय शोधून काढला, त्यावर खूण केली. पिवळी शाई संपली आहे. बंद करून चालू केला. चालू झाल्याच्या आनंदात त्याने आधी डोकं साफ करून घेतलं, त्यात उरलेली निळीही घोटभर प्याला, आणि मग पुन्हा पिवळीवर आला.

"हळद लागल्याशिवाय त्याच्याकडे कार्य उभं राहत नसेल," आतल्या खोलीतून आप्पा म्हणाले. आमचे आप्पा बँकेतून निवृत्त झालेत. ते झोपलेत असं आपल्याला वाटतं, तेव्हा ते फक्त दिवा बंद करून ऐकत असतात.

शेवटी हॉल तिकीट निघालं ते वरच्या मजल्यावरच्या सीए काकांकडे. ऑडिटचा सप्टेंबर होता, त्यामुळे काका जागेच होते. त्यांच्या टेबलाशेजारी कमरेइतक्या उंचीचं कपाट वाटावं असा रंगीत लेझर प्रिंटर आहे. तो दहा-बारा सेकंद घुमला, खोलीतल्या ट्यूबने क्षणभर मान टाकली, परत उचलली, आणि पान बाहेर आलं. गरम. नुकत्याच इस्त्री केलेल्या हातरुमालासारखं. अक्षरं इतकी ठसठशीत की लेकीला परीक्षा नसून मुंज आहे असं वाटावं.

"लेझर घ्या हो," काका म्हणाले. "किती दिवस ते पिचकारीचं खेळणं वापरणार?"

पिचकारी हा शब्द मला लागला. पण तो खरा आहे.

काळ्याला पिवळं कशाला लागतं, याची मी दुसऱ्या दिवशी रीतसर चौकशी केली. बरेचसे इंकजेट काळा रंग अधिक गडद दिसावा म्हणून त्यात बाकीचे तीन रंग थेंबथेंब मिसळतात. शिवाय काही प्रिंटर डोक्यात शाई तापवून फेकतात. तिथे शाई नसताना तापवलं तर डोकं जळतं. म्हणून तो आधीच काम नाकारतो. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं आहे. पण आमटीतला गोडा मसाला संपला म्हणून भातही शिजवणार नाही, असं म्हणणाऱ्या आचाऱ्याला आपण किती दिवस ठेवू?

या दोन प्रिंटरांमधला सगळा वाद मला शेवटी भेळवाल्याच्या प्रश्नात दिसला: ओली की सुकी? इंकजेट ओली. पातळ शाईचे थेंब कागदावर पडतात, कागद ते पितो, वाळतात. लेझर सुकी. तिच्यात शाई नावाचा प्रकारच नाही. टोनर म्हणजे प्लॅस्टिक, मेण आणि रंग यांची मैद्याहून बारीक पूड. एका गोल ड्रमवर विजेचा भार चढवायचा, लेझरच्या किरणाने त्यावर अक्षरांचा आराखडा काढायचा, पूड तेवढ्याच जागी चिकटते, तिथून ती कागदावर उतरवायची, आणि मग जवळजवळ दोनशे अंश तापलेल्या रुळांमधून कागद दाबून काढायचा. पूड वितळते आणि कागदात बसते. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले होते ना, तीच करामत; वर इस्त्री फिरवलेली. काकांची ट्यूब मान टाकते ती या इस्त्रीपायी. इन्व्हर्टरवर लेझर लावला की इन्व्हर्टर आधी ओरडतो आणि मग बसतो, तेही त्यामुळेच.

'झेरॉक्स' हा शब्दही सुक्याचाच. ग्रीक भाषेत झेरोस म्हणजे कोरडं. आपण मात्र तो असा आपलासा केला आहे की तलाठ्यापासून पासपोर्टवाल्यापर्यंत सगळे आधार कार्डाची झेरॉक्स मागतात आणि ती कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर काढलेली चालते. या सुक्या छपाईचा जनक चेस्टर कार्लसन हा अमेरिकेत एका कंपनीच्या पेटंट खात्यात होता. पेटंटच्या नकला हाताने उतरवून त्याचे संधिवाताचे हात दुखायचे. म्हणून त्याने घरच्या स्वयंपाकघरातच प्रयोग मांडले. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर द्यायचा, म्हणून तो शेगडीवर गंधक वितळवायचा आणि सगळ्या इमारतीत सडक्या अंड्यांचा वास सुटायचा. २२ ऑक्टोबर १९३८ला न्यू यॉर्कच्या ॲस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने आणि त्याच्या मदतनिसाने तसला पत्रा रुमालाने घासला, त्यावर पूड भुरभुरली, मेणकागद दाबला, आणि त्या दिवसाची तारीख व 'ॲस्टोरिया' एवढीच अक्षरं उमटली. पुढे कित्येक वर्षं एकामागून एका बड्या कंपनीने त्याला वाटेला लावलं. त्याच्या शोधावर बेतलेलं ९१४ नावाचं यंत्र बाजारात यायला १९५९ उजाडलं. ते इतकं तापायचं की आतला कागद पेट घेई, म्हणून कंपनी सोबत आग विझवायची एक छोटी नळकांडीही द्यायची. ट्यूबने मान टाकली तर काय बिघडलं मग.

ओल्या बाजूची एक जन्मकथा आपल्याला जास्त जवळची आहे. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो नावाच्या माणसाच्या हातून तापलेली सोल्डरिंगची कांडी शेजारच्या शाईभरल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाईची चिळकांडी उडाली. दुसऱ्या कुणी टेबल पुसलं असतं. एंडोसाहेबांनी त्यातून बबलजेट काढला: शाई क्षणार्धात तापवायची, बुडबुडा येतो, तो थेंबाला बाहेर ढकलतो. गंमत अशी की झेरॉक्स कंपनीचा ९७०० हा लेझर प्रिंटरही १९७७चाच. आणि १९८४ साली ह्यूलेट पॅकार्डने एकाच वर्षात लेझरजेट आणि थिंकजेट, म्हणजे एक सुकी आणि एक ओली, अशा दोन्ही बाजारात आणल्या. भेळवाल्याला दोन्ही गिऱ्हाइकं लागतात.

सिरिंजमधून निघालेला इंकजेट आपल्या देशात पुन्हा सिरिंजवरच आला. आमच्या रिफिलवाल्याचं दुकान जिन्याखाली आहे. काउंटरवर शाईच्या चार बाटल्या, बोटं जांभळी, कानामागे सुई. कार्ट्रिज हातात घेतली की तो आधी तिच्या पोटावरचं लेबल नखाने सोलतो, खाली असलेल्या भोकात सुई घालतो आणि आपल्याकडे न बघता हळूहळू दांडा दाबत जातो. मग टिश्यू पेपरवर कार्ट्रिज टेकवतो. तीन रंगांचे तीन पट्टे उमटले की म्हणतो, "झालं साहेब, शंभर द्या." एकदा दोनच पट्टे उमटले. त्याने कार्ट्रिज कपाळाशी धरली, थर्मामीटर झटकतात तशी तीनदा झटकली, कोमट पाण्याच्या वाटीत टेकवून ठेवली आणि मला म्हणाला, "वापरत नाही ना तुम्ही? ओलं यंत्र आहे. रोज चालवायला पाहिजे."

हे खरं दुखणं आहे. मे महिन्यात आम्ही वीस दिवस कोकणात जातो. परत येतो तेव्हा फ्रीजमधल्या कोथिंबिरीची आणि प्रिंटरच्या डोक्याची अवस्था सारखीच असते. ज्या भोकांतून काही पिकोलिटरचा थेंब बाहेर पडायचा (एका मिलिलिटरमध्ये असे १०० कोटी पिकोलिटर बसतात) त्या भोकांत शाई वाळून बसते. मग डोकं साफ करायचं. साफ करायचं म्हणजे चांगली शाई भोकांतून ओढायची आणि यंत्राच्या तळाशी ठेवलेल्या स्पंजात ओतायची. म्हणजे मी दुकानात मोजून घेतलेल्या शाईतला मोठा वाटा कागदाचं तोंडही न बघता पोटातल्या पोटात जिरतो. आणि एके दिवशी तो स्पंज भरला की प्रिंटर तेही सांगतो, आणि संपावर जातो.

एवढं झाल्यावर नवा प्रिंटर घ्यायचा हे ठरलं. कुठला, यावर घरात दोन पक्ष पडले. लेक आणि माझा मेहुणा ओल्या पक्षात, बाकीचे सुक्या. मेहुणा पक्ष्यांचे फोटो काढतो. त्याचं म्हणणं, फोटोच्या कागदावर खंड्याचा निळा रंग उतरवावा तो इंकजेटनेच. लेझरचा खंड्या इस्त्रीखालून आल्यासारखा दिसतो. यात तथ्य आहे. त्वचेचा रंग, आभाळातली उतरती छटा या गोष्टी चांगल्या कागदावर ओली शाई जास्त हळुवारपणे सांभाळते. "मग फोटोचा कागद लेझरमध्ये घालायचा," असं बायको म्हणाली, तेव्हा मी मात्र घाईघाईने विषय बदलला. कारण जुन्या ऑफिसात मी एकदा नेमकं तेच केलं होतं. तो कागद इंकजेटचा होता. त्यावरचा चकचकीत थर रुळांच्या उष्णतेने वितळला आणि लेकीच्या बारशाचा फोटो प्रिंटरच्या पोटात कायमचा चिकटला. पुढचे दोन महिने ऑफिसच्या प्रत्येक पत्रावर पाळण्याची एक पुसट कड यायची. ते कुणी केलं, हे आजवर उघड झालेलं नाही. आता झालं.

दुकानात गेलो तेव्हा आप्पाही आले. दुकानदाराने रंगीत लेझर दाखवला. बत्तीस हजार. टोनर चार: आकाशी निळा, किरमिजी, पिवळा, काळा. चारही बदलायचे म्हटले तर बावीस हजार. "आणि सोबत मिळतात ते?" आप्पांनी विचारलं. "ते स्टार्टर असतात काका." "म्हणजे?" "म्हणजे... सुरुवातीपुरते." "म्हणजे अर्धवट भरलेले," आप्पा म्हणाले आणि त्यांनी वहीत नोंद केली.

मग टाकीवाला इंकजेट पाहिला. याची कथा मला आवडते. इंडोनेशियात लोकांनी महागड्या कार्ट्रिजला कंटाळून प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या लावायला सुरुवात केली होती, अगदी सलाइन लावावं तशी. तेव्हा एप्सन कंपनीनेच २०१०मध्ये तिथे टाकीसकट प्रिंटर विकायला काढला. म्हणजे जुगाडाला कंपनीने कुंकू लावलं. आता आपल्याकडेही टाकीवाल्यांचीच चलती आहे. शाई स्वस्त पडते, सिरिंज सुटते. डोकं मात्र ओलंच. मे महिन्यात ते वाळायचं ते वाळतंच.

"एका बाटलीत साडेचार हजार पानं," दुकानदार म्हणाला.

"कशी पानं?" आप्पा.

या प्रश्नाचं उत्तर असं की हे आकडे ठरीव नमुन्याच्या पानांवर काढतात आणि साधारण हिशेब धरतात तो पानाच्या पाच टक्के भागावर शाई पडल्याचा. आप्पांनी ते ऐकलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पाच टक्के म्हणजे कोरं पानच की हो! आमची नात 'महासागरांचे प्रदूषण' छापते. कडेपासून कडेपर्यंत निळं. त्याचं काय?" दुकानदाराने पोराला चहा सांगितला.

घरी आल्यावर आप्पांनी वही उघडली, आणि तिथे मला कळलं की गेलं वर्षभर ते प्रिंटरवर पाळत ठेवून होते. एका वर्षात एकूण पानं २१४. त्यांतली ६१ डोकं साफ झालं का हे बघण्याच्या चाचणीची. उरलेली १५३ कामाची: प्रोजेक्ट, हॉल तिकिटं, आयकराचं विवरण, गावच्या जमिनीचा सातबारा, गणपतीत वाटायला आरत्यांची पानं, आणि रेल्वेची तिकिटं. तिकीट फोनवर दाखवलं की चालतं हे आप्पांना माहीत आहे. पण फोनची बॅटरी भुसावळला संपते असा त्यांचा अनुभव आहे. १५३पैकी काळी १०९, रंगीत ४४. झेरॉक्सच्या दुकानातले दर काळ्याला तीन रुपये, रंगीताला दहा. म्हणजे वर्षाचे ७६७ रुपये.

"बत्तीस हजार भागिले सातशे सदुसष्ट," आप्पा म्हणाले. "टोनर, वीज, कागद काही धरत नाही. बेचाळीस वर्षं. मी एकशे अठरा वर्षांचा होईन."

कुणी काही बोललं नाही. लेक एवढंच म्हणाली, "पण दुकान दहाला बंद होतं."

म्हणजे आपण प्रिंटर घेत नसून रात्रीचे पावणेअकरा विकत घेतो आहोत, हे सगळ्यांना एकदम पटलं, आणि त्या मालाला दुसरं दुकान नव्हतं. लेझरच्या बाजूने पारडं झुकू लागलं. वीस दिवस कोकणात जा, नाहीतर वर्षभर जा. पूड वाळत नाही, कारण ती ओली कधी नव्हतीच. तेवढ्यात मी, उगाच ज्ञान पाजळायचं म्हणून, पिवळ्या ठिपक्यांची गोष्ट सांगितली. बरेच रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके गुपचूप छापतात. त्यांत त्या यंत्राचा क्रमांक असतो, कधी तारीख-वेळही. खोट्या नोटा छापणाऱ्यांना पकडण्यासाठी ही युक्ती. २००५मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अशा एका प्रिंटरची ही सांकेतिक भाषा उलगडून जाहीर केली. निळा प्रकाश आणि भिंग घेतलं तर ठिपके दिसतात.

आप्पांचा चेहरा उतरला.

"प्रत्येक पानावर?"

"हो."

"पत्रावरही?"

आता सांगायला हरकत नाही. महानगरपालिकेला, सोसायटीच्या चेअरमनना आणि कधीमधी वर्तमानपत्राला आमच्या भागातून जी पत्रं जातात, खाली 'एक त्रस्त नागरिक' अशी सही असलेली, ती कोण लिहितं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पार्किंगमधल्या पाटीचं शुद्धलेखन, सकाळी साडेपाचला वाजणारी पाण्याची मोटर, गच्चीवर वाळत घातलेले दुसऱ्यांचे पापड असे त्यांचे विषय असतात. त्रस्त नागरिकाला यंत्राचा क्रमांक लागणार म्हटल्यावर आप्पांनी एका क्षणात पक्ष बदलला. ओल्या पक्षात तिघे झाले. बरोबरी असती तर बायकोचं मत जड ठरलं असतं. इथे बहुमतच गेलं.

त्या रविवारी आम्ही सगळे फिरायला गेलो आणि भेळेच्या गाडीवर थांबलो. आप्पांना पित्त, म्हणून त्यांना सुकी. आम्हाला ओली. हल्ली भेळवाले रद्दीतले छापील कागद घेतात, एका बाजूला कोरे असलेले. माझ्या हातातल्या कागदावर कुठल्यातरी कंपनीचा रंगीत तक्ता होता: गोल, त्यात लाल, हिरव्या, निळ्या फोडी. चिंचेची चटणी त्यावरून ओघळून माझ्या मनगटापर्यंत आली, पण फोडींची कड जराही हलली नव्हती. मी अंगठ्याने घासून पाहिलं. कागद फाटला, हिरवी फोड जागच्या जागी.

"हे बघ," बायको म्हणाली.

तिच्या कागदावर कुणा मुलाचा लग्नाचा बायोडाटा होता, वर निळ्या-जांभळ्या रंगातला गणपती. गणपती पाझरत पाझरत कुंडलीत उतरला होता. नाव गेलं होतं, गोत्र गेलं होतं. 'अपेक्षा' या मथळ्याखाली चटणीचं एक जांभळं तळं साचलं होतं आणि त्यात दोन कुरमुरे तरंगत होते. वार्षिक उत्पन्नातली शून्यं एकमेकांत मिसळून तिथे एक मोठा ढग झाला होता. तिची अर्धी भेळ खाऊन झाली होती.

"मी काय खाल्लं हे?" तिने विचारलं.

"त्याचं शिक्षण," आप्पा म्हणाले.

लेझर आला. बारा हप्त्यांत. बैठकीच्या खोलीत त्याला जागा करायला टीपॉय गच्चीवर गेला, आणि तिथे तो ठेवल्याबद्दल सोसायटीकडे एक निनावी तक्रारही आली, जी आप्पांनी लिहिलेली नाही असं ते शपथेवर सांगतात. जुना इंकजेट आप्पांच्या पत्रव्यवहारासाठी त्यांच्या खोलीत दिला आहे. पण त्याला पिवळी शाई लागते. काळ्या पत्रासाठी पिवळीचे पैसे द्यायला आप्पांचा तत्त्वतः विरोध आहे. त्यामुळे सध्या त्रस्त नागरिक हाताने लिहितो, बँकेच्या लेजरमध्ये पस्तीस वर्षं घोटवलेल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. गेल्या आठवड्यात पाण्याच्या मोटरीबद्दलचं उत्तर चेअरमननी स्वतः आणून दिलं. पाकिटावर लिहिलं होतं: 'ती. आप्पांस, सा. न.'